नकाशात रंग नाही, म्हणून तिथे वाचा नाही असे नव्हे

प्रश्न : माझे यजमान ३८ वर्षांचे असून जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिक्षक आहेत. आमचे गाव जत तालुक्यात, कर्नाटकच्या सीमेलगत आहे, त्यामुळे घरात आम्ही कन्नड बोलतो. तीन महिन्यांपूर्वी वर्गात शिकवताना त्यांना फीट आली. तपासणीत मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात गाठ निघाली. ती हळू वाढणारी, ग्लायोमा प्रकारची असावी, असे डॉक्टर म्हणतात. फंक्शनल एमआरआयच्या रिपोर्टमध्ये गाठीच्या अगदी लगत भाषेचे केंद्र दिसत नाही, असे लिहिले आहे. तरीही डॉक्टर त्यांना जागे ठेवून, बोलते ठेवून ऑपरेशन करायचे म्हणतात, आणि त्या कल्पनेनेच यजमान खचले आहेत. ऑपरेशन चालू असतानाच मेंदूतला रक्तप्रवाह दाखवणारी यंत्रे आता निघाली आहेत आणि त्यावरून कोणता भाग कामाचा ते कळते, असे माझ्या पुतण्याने वाचले आहे. मग जागे ठेवायची गरज काय? असे यंत्र जिथे असेल तिथे जावे, की ते इकडे येईपर्यंत थांबावे?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीचे वाचेपर्यंत तुमचा जीव टांगणीला लागू नये. यंत्रासाठी थांबू नका. जागेपणी ऑपरेशन सुचवणाऱ्या तुमच्या डॉक्टरांनी तुमच्या यजमानांच्या बोलण्याचा विचार करूनच ते सुचवले आहे, असे पत्रावरून मला स्पष्ट दिसते. मी मेंदूच्या शस्त्रक्रियांत भूल देणारी डॉक्टर आहे. अशा ऑपरेशनच्या वेळी सर्जन कवटीच्या बाजूला उभे असतात आणि मी हिरव्या कापडाच्या अलीकडे, रुग्णाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर बसलेली असते. त्यामुळे पुढचे जे लिहिते आहे ते त्या जागेवरून पाहिलेले आहे, एवढे लक्षात ठेवून वाचावे.

तुमच्या पुतण्याने वाचलेले खोटे नाही. मेंदूचा जो भाग काम करतो तिथे रक्त जास्त जाते, ही गोष्ट वैद्यकाला सव्वाशेहून अधिक वर्षे माहीत आहे. केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ रॉय आणि शेरिंग्टन यांनी १८९० मध्ये ती मांडली. माणसात तिचा पुरावा पुढे बॉस्टनमध्ये फार विलक्षण रीतीने मिळाला. एका तरुण खलाशाच्या मेंदूच्या मागच्या, दृष्टीच्या भागात रक्तवाहिन्यांचे विकृत जाळे होते. मेंदूचे सर्जन हार्वे कुशिंग यांनी ऑपरेशन केले, पण ते जाळे काढण्याजोगे नव्हते, म्हणून हाडाचा तेवढा भाग उघडा ठेवून त्वचा शिवली. त्या जागी कान लावला की आतल्या रक्ताचा घरघर आवाज ऐकू येई. त्यांच्या हाताखालचे डॉक्टर जॉन फुल्टन यांच्या लक्षात आले की तो माणूस डोळे मिटून पडला की आवाज मंद होतो आणि वर्तमानपत्र वाचू लागला की वाढतो. हे निरीक्षण त्यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केले. फंक्शनल एमआरआयपासून ते ऑपरेशन थिएटरमधल्या नव्या कॅमेऱ्यांपर्यंतची सगळी यंत्रे तत्त्वतः हेच करतात. काम कुठे चालले आहे ते ती रक्तावरून ओळखतात.

पण ताई, रक्त म्हणजे काम नव्हे. रक्त ही कामाची खूण आहे. तुमच्या भागात पाटाचे पाणी आले की कोणाच्या शिवारात पाळी चालू आहे ते लांबूनही कळते. समजा, एखाद्या शेताच्या तोंडाचे दार गंजून अडकले आहे. तिथे पाणी वाढताना दिसणार नाही, म्हणून तिथे शेतच नाही असे कोणी म्हणेल का? मेंदूतल्या गाठीच्या आसपास नेमके हेच घडू शकते. गाठीच्या सान्निध्यात रक्तवाहिन्यांची प्रतिसाद देण्याची शक्ती बिघडते. काही आधीच रुंदावलेल्या असतात, काही गाठीने वेढलेल्या असतात, त्यामुळे मज्जापेशी नेटाने काम करत असूनही रक्तप्रवाहात अपेक्षित वाढ होत नाही. एमआरआयचे यंत्र मग तिथे रंग दाखवत नाही. शिवाय ग्लायोमा हा निरोगी मेंदूला बाजूला सारत वाढणारा गोळा नसतो. तो मेंदूच्या धाग्यांतून पसरतो, आणि कामाच्या पेशी त्याच्या कडेला, कधी त्याच्या आतही जिवंत राहतात. म्हणूनच तुमच्या रिपोर्टमधल्या वाक्याचा अर्थ 'या तपासणीत गाठीजवळ भाषेची खूण मिळाली नाही' एवढाच घ्यायचा. 'गाठीजवळ भाषा नाही' असा तो घेता येत नाही. या दोन वाक्यांत जे अंतर आहे, त्यात तुमच्या यजमानांची उरलेली नोकरी आणि घरातले बोलणे सामावलेले आहे.

फंक्शनल एमआरआयच्या रंगांबद्दल आणखी एक गोष्ट रुग्णांना सहसा कोणी सांगत नाही. काम करणाऱ्या भागाला गरजेपेक्षा जास्त प्राणवायूयुक्त रक्त मिळते, त्यामुळे तिथल्या प्राणवायूविरहित हिमोग्लोबिनचे प्रमाण घटते आणि चुंबकीय संकेत किंचित वाढतो. ही पद्धत जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० च्या सुमारास पुढे आणली. हा बदल जेमतेम काही टक्क्यांचा असतो, म्हणून तीच कृती पुन्हा पुन्हा करवून घेऊन, गणिताने गाळून, ठरावीक मर्यादेच्या वर जे उरते त्यालाच रंग दिला जातो. ती मर्यादा तज्ज्ञ ठरवतात. ती वर नेली की रंगाचा डाग आक्रसतो, खाली आणली की पसरतो. रुग्ण दमला असेल, मान हलली असेल किंवा सांगितलेली कृती त्याच्या सवयीच्या भाषेत नसेल, तरीही रंग कमी येतो. तुमच्या यजमानांची तपासणी कोणत्या भाषेत झाली, हे जरूर विचारा. ती हिंदीतून किंवा इंग्रजीतून झाली असेल तर त्या रिपोर्टचे वजन माझ्या मते आणखी कमी होते. एवढे असूनही ही तपासणी वाया गेलेली नाही. भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला आहे की उजव्या, आणि कवटी कुठे उघडावी, हे ठरवायला तिचा चांगला उपयोग होतो.

आता पुतण्याच्या यंत्रांकडे येऊ. ऑपरेशन चालू असताना रक्तप्रवाह पाहण्याच्या पद्धती आहेत आणि त्या दोन निरनिराळ्या प्रश्नांसाठी आहेत. या भागाला रक्त पोहोचते आहे का, हा एक प्रश्न. हा भाग काय काम करतो, हा दुसरा. बातम्यांत या दोन्हींची गल्लत होते, आणि तुमच्या घरातली गल्लतही तिथूनच आली असावी.

पहिल्या प्रश्नासाठीची साधने आज खरोखर कामाची आहेत. इंडोसायनीन ग्रीन नावाचा हिरवा रंग, साधारण २५ मिलिग्रॅम, हाताच्या शिरेतून मी देते. सर्जन सूक्ष्मदर्शकाचा प्रकाश बदलतात, तो रंग अवरक्त प्रकाशात चमकतो, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत पडद्यावरच्या काळोखात आधी धमन्या, मग बारीक जाळे, मग शिरा अशा क्रमाने पांढऱ्या रेषा उजळत जातात. थिएटरमध्ये त्या क्षणी सगळे बोलणे थांबते. यकृत हा रंग काही मिनिटांत रक्तातून काढू लागते, त्यामुळे गरज पडल्यास थोड्या वेळाने पुन्हा देता येतो. धमनीच्या फुग्याला क्लिप लावल्यावर मूळ धमनी चालू राहिली आहे ना, हे पाहण्यासाठी मेंदूचे सर्जन आंद्रेआस राबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये याचा वापर प्रसिद्ध केला, आणि आज भारतातल्या अनेक मोठ्या रुग्णालयांतल्या सूक्ष्मदर्शकांत ही सोय असते. या रंगद्रव्यात आयोडीन असते, म्हणून आयोडीनची ॲलर्जी असल्यास भूलतज्ज्ञांना आधी सांगावे. रंग न देता लेसरच्या प्रकाशात रक्ताची हालचाल दाखवणारी पद्धतही आहे. मेंदूच्या पृष्ठभागावर लेसर पाडला की वाळूसारखे चमचमते कण दिसतात, आणि जिथे रक्तपेशी वाहतात तिथे ते कण पुसट होतात. त्या पुसटपणावरून प्रवाहाचा नकाशा तयार होतो. बर्लिन आणि टेक्सासमधील ऑस्टिन येथे २००९-१० च्या सुमारास माणसांच्या ऑपरेशनमध्ये ती वापरून पाहिली गेली. ती प्रवाह वाढला की घटला हे दाखवते, पण प्रत्यक्षात किती आहे याचा आकडा देत नाही.

हे सारे महत्त्वाचे का, तर मेंदू उपाशी राहू शकत नाही. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला हा अवयव शरीराच्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के खातो. दर १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागते. ते २० च्या खाली गेले की पेशी जिवंत राहूनही गप्प होतात, आणि १० च्या आसपास थोडा वेळ जरी राहिले तरी त्या मरू लागतात. तुमच्या यजमानांच्या गाठीजवळून पुढे जाणारी, दुसऱ्याच भागाला रक्त पुरवणारी एखादी धमनी असेल, तर ती वाचली की नाही हे पाहायला अशी पद्धत उपयोगी पडेल. डॉक्टरांनी ती वापरली तर चांगलेच. पण तो भाग बोलतो की नाही, हे ती सांगणार नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठीची, म्हणजे काम ओळखणारी, रक्तप्रवाहाची यंत्रेही आहेत. सिएटलमध्ये १९९२ साली उघड्या मेंदूवरून परतणाऱ्या प्रकाशातला सूक्ष्म बदल टिपून, रुग्ण चित्रांची नावे सांगत असताना कोणता भाग चेततो हे पाहिले गेले. अलीकडे अतिजलद अल्ट्रासाउंडने मेंदूतल्या बारीक वाहिन्यांमधला प्रवाह मोजून तेच करण्याचा प्रयत्न झाला आहे, आणि रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी २०२० मध्ये त्याचे अनुभव प्रसिद्ध केले. मला स्वतःला ही पद्धत फार आशादायक वाटते, कारण ती पृष्ठभागाच्या खालीही पाहते. पण आता मी जे लिहिते ते यजमानांनाही वाचून दाखवा. या दोन्ही ठिकाणी रुग्ण जागे होते. सिएटलमध्येही आणि रॉटरडॅममध्येही.

तसे असणे भागच होते. रक्त कामामागे धावते, आणि झोपलेला माणूस बोलत नाही. त्याच्या वाचेच्या केंद्राला काम नाही, म्हणून तिथे वाढीव रक्त नाही, म्हणून कॅमेऱ्याला दिसण्यासारखेही काही नाही. हाताच्या संवेदनेचे तसे नसते. मनगटाच्या नसेला विजेचा हलका ठोका दिला की भुलेखालीही मेंदूपर्यंत संदेश पोहोचतो आणि तो पकडता येतो. हालचालीचा भागही पूर्ण भुलेत, औषधांची निवड सांभाळून, बऱ्यापैकी तपासता येतो. बोलणे मात्र बोलल्याशिवाय तपासता येत नाही. तेव्हा ज्या यंत्रासाठी तुम्ही थांबायचे म्हणता, ते उद्या तुमच्या तालुक्याच्या गावी आले तरी तुमच्या यजमानांना त्या टेबलावर जागेच राहावे लागेल.

भूलतज्ज्ञ म्हणून एक गोष्ट इथे नोंदवते. भुलेत मेंदूचा रक्तप्रवाह अनेक कारणांनी हलतो. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या एका मिलिमीटरने बदलला तरी तो साधारण तीन टक्क्यांनी बदलतो. भुलेचे औषध, रक्तदाब, श्वासाची गती या सगळ्यांचा परिणाम होतो. पडद्यावर दिसलेली वाढ रुग्णाच्या बोलण्याने झाली की त्याच्या श्वासातल्या बदलाने, हे ओळखणे सोपे नसते. शिवाय रक्ताचा प्रतिसाद शब्दामागून येतो. तो सुरू व्हायला एक-दोन सेकंद आणि शिगेला पोहोचायला पाच-सहा सेकंद लागतात. आणि कवटी उघडून मेंदूभोवतीचे पाणी निघून गेले की मेंदू खाली बसतो, कधी सेंटिमीटरभर किंवा त्याहूनही जास्त, त्यामुळे ऑपरेशनपूर्वी काढलेला एमआरआयचा नकाशा टेबलावर जसाच्या तसा जुळत नाही.

म्हणून तुमच्या डॉक्टरांना हवी असलेली पद्धत जुनी असूनही आज सर्वात भरवशाची मानली जाते. पाच मिलिमीटर अंतरावरची दोन टोके असलेली सळई मेंदूच्या पृष्ठभागावर ठेवून काही मिलिअँपिअरचा विजेचा प्रवाह क्षणभर सोडतात आणि त्याच वेळी रुग्णाला चित्र दाखवतात. त्या जागी शब्द अडला, तर ती जागा राखायची. रक्ताची खूण शोधण्याऐवजी इथे त्या जागेलाच क्षणभर गप्प करून काय बिघडते ते पाहिले जाते, आणि उत्तर ताबडतोब मिळते. मेंदूच्या ग्लायोमावर झालेल्या शस्त्रक्रियांच्या ९० अभ्यासांतील ८०९१ रुग्णांची माहिती २०१२ मध्ये एकत्र तपासली गेली, तेव्हा विद्युत् चाचणी करून केलेल्या ऑपरेशनांत पुढे कायम राहणारे गंभीर अपंगत्व ३.४ टक्के रुग्णांत, तर तशी चाचणी न केलेल्यांत ८.२ टक्के रुग्णांत आढळले. त्यातही चाचणी केलेल्या गाठी अधिक नाजूक जागी होत्या, आणि तरीही त्या जास्त प्रमाणात पूर्ण काढता आल्या. मी यजमानांच्या जागी असते तर हे दोन आकडे पाहून जागी राहिले असते.

त्यांच्या भीतीबद्दल. ती रास्त आहे, आणि 'काही होत नाही' असे म्हणून ती उडवून लावू नये. त्यांना त्या दिवशी काय होईल ते सांगा. डोक्याच्या त्वचेच्या नसा दोन्ही बाजूंनी इंजेक्शनने बधिर करतात. ते टोचणे दुखते आणि बाकीच्या ऑपरेशनपेक्षा रुग्णांना तेच जास्त आठवते. मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत. कवटी उघडेपर्यंत बहुतेक ठिकाणी हलके झोपवून ठेवतात आणि चाचणीच्या वेळी जागे करतात. जागेपणाचा भाग साधारण एक-दोन तासांचा असतो. हाडाला ड्रिल लागते तेव्हा आवाज आणि कंप जाणवू शकतो. मान हलवता येत नाही, त्यामुळे खांदा आणि कंबर अवघडते आणि तोंड सुकते. मी अशा वेळी बर्फाच्या पाण्यात भिजवलेला बोळा ओठांना लावते. चाचणीत फीट आलीच तर सर्जन मेंदूवर बर्फासारखे गार सलाइन ओततात आणि ती बहुधा थांबते. एखादा शब्द अचानक अडेल, 'कुलूप' समोर दिसत असेल पण ओठांवर येणार नाही. त्या क्षणी घाबरू नये, कारण तो शब्द हरवलेला नसतो. प्रवाह बंद केला की पुढच्याच श्वासाला तो येतो, आणि ती जागा वाचवायची आहे हे सर्जनना कळते.

ऑपरेशननंतर काही दिवस किंवा आठवडे बोलणे मंदावू शकते. बहुतेकांत ते हळूहळू सुधारते, कधी तीन महिनेही लागतात. हे आधी माहीत असले म्हणजे पाचव्या दिवशी तुमचा धीर सुटणार नाही. आणि सगळे समजून घेऊनही त्यांना जागे राहणे अशक्यच वाटले, तर तसे मोकळेपणाने सांगावे. जबरदस्तीने जागे ठेवलेला, घाबरलेला माणूस चाचणीत नीट उत्तरे देत नाही. अशा वेळी भुलेत ऑपरेशन करून भाषेच्या शंकास्पद भागाजवळची गाठ मागे ठेवावी लागते, आणि त्याचे परिणाम डॉक्टर समजावून देतील. घोरण्याचा मोठा त्रास किंवा झोपेत श्वास अडकण्याचा आजार असेल, तर तेही भूलतज्ज्ञांपासून लपवू नका.

थांबण्याबद्दल एवढेच. हळू वाढणारे ग्लायोमा सरासरी वर्षाला सुमारे चार मिलिमीटर रुंदावतात, आणि पुढे त्यांचे रूप बदलून ते आक्रमक होऊ शकतात. चार दिवस विचार करायला, दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यायला वेळ आहे. यंत्राची वाट पाहत दोन वर्षे घालवायला नाही. त्या काळात फीटच्या गोळ्या एकही दिवस चुकवू नयेत आणि मोटरसायकल चालवू नये. दुसरे मत घ्यायला जाल तेव्हा तिथे कोणते यंत्र आहे यापेक्षा त्या टीमने जागेपणीची किती ऑपरेशने केली आहेत, आणि भाषेची चाचणी कोण घेणार, वाचा-उपचारतज्ज्ञ असतील का, हे विचारा.

आणि तुमच्या घरातल्या कन्नडबद्दल, जे पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात. ते डॉक्टरांना सांगितले आहे का? दोन भाषा बोलणाऱ्यांच्या मेंदूत काही जागा दोन्ही भाषांना समान असतात, तर काही एकाच भाषेच्या असतात, हे अशाच चाचण्यांतून १९७८ मध्ये दाखवले गेले. मराठीत 'मांजर' बरोबर आले म्हणून 'बेक्कु' सुरक्षित आहे असे धरता येत नाही. चाचणी घेणाऱ्यांना कन्नड येत नसेल, तर तुम्ही आधी बसून रोजच्या ओळखीच्या पन्नास-साठ वस्तूंची चित्रे आणि दोन्ही भाषांतली त्यांची नावे देवनागरीत लिहून द्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी यजमानांकडून ती म्हणवून घ्या, आणि ज्यात ते आधीच अडखळतात ती चित्रे काढून टाका. शिक्षकाला वाचनही राखायचे आहे, म्हणून चौथीच्या पुस्तकातला एखादा परिच्छेदही जोडा. त्यांना चष्मा असेल तर तो त्या सकाळी घरच्या पिशवीत राहू देऊ नका. थिएटरच्या दाराशी भूलतज्ज्ञांच्या हातात द्या, कारण चित्र नीट दिसले नाही आणि शब्द आला नाही, तर शब्द डोळ्यांमुळे अडला की मेंदूमुळे, हे टेबलावर आम्हाला कळत नाही.